चाळीस सेकंद

उद्यमबागेत लेथवर सव्वीस वर्षं झाली.
मिलिमीटरचा शंभरावा भाग
बोटाच्या पेराला आधी कळतो,
मायक्रोमीटर मागाहून फक्त मान डोलावतो.
असा मी, त्या दिवशी गौस सनदीच्या टपरीत
डोळ्याला भिंग लावून बसलो
आणि बॅलन्सच्या दांड्याचं टोक पाहिलं.
केसाएवढं.
माझ्या कुठल्याच चकात हे धरता येणार नाही.
थोडी लाज वाटली,
मग हाव सुटली.

पहिलं घेतलं ते एचएमटी जनता,
सतरा खड्यांचं, पांढरं डायल, देवनागरी आकडे.
साडेअकराशे. घरी साडेपाचशे सांगितले.
बायको म्हणाली, मोबाइलात वेळ दिसत नाही?
दिसते की.
पण तिला किल्ली देता येत नाही.
सकाळी चहा उकळेपर्यंत पंधरा-वीस फेरे,
शेवटी अंगठ्याला हलकासा नकार लागतो,
तिथं थांबायचं.
दिवसभरात तेवढाच एक नकार मला आवडतो.

रविवारी दुपारी खडेबाजारात
बसलिंग हंपण्णावर येतो.
बैलहोंगलचा, बसस्टँडवर कंट्रोलर,
आयुष्यभर खिडकीत बसून
दुसऱ्यांचा उशीर वहीत मांडतोय.
त्याचंही जनताच, पण आकडे कन्नड.
त्याचं मराठी माझ्या कन्नडइतकंच,
भाव करण्यापुरतं आणि शिवी कळण्यापुरतं.
घड्याळांना तेवढं पुरतं.

हॉटेलातलं सनमायका रुमालानं पुसून
दोन्ही शेजारी ठेवायची.
कधी तिसरंही, गौसकडं दुरुस्तीला आलेलं:
कॅम्पातल्या कुणा सुभेदाराचं वेस्ट एंड,
आकड्यांवरचं रेडियम आता जुन्या गुळाच्या रंगाचं,
अंधारात धरलं तरी मुकं.
कधी दुबईहून आलेलं सेको,
हात हलवला की आपली आपण किल्ली भरणारं.
"पळतंय बघ," बसलिंग म्हणतो,
"सेकंदाला सहा ठोके. आपली पाचच."
आम्ही टेबलाला कान लावून मोजतो.
पोऱ्या विचारतो, पोटात दुखतंय काय गा?

त्याच्या डायलवरचा एक म्हणजे बैलाची नाल.
सात कुठला आणि नऊ कुठला
हे मी बसच्या पाट्यांवरून शिकलो,
दोन गाड्या चुकवून.
चार मात्र दोघांचे जुळे,
तेवढाच न शिकता वाचता आला.

गेल्या महिन्यात माझं मागं पडायला लागलं.
गौसनं डायल काढलं, उन्हात तिरकं धरलं,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "आकडे नंतरचे हैत.
खाली बघा, पुसलेला इंग्लिश सात."
बघितला.
होता.
तळ्यातल्या दगडासारखा, रंगाखाली गप पडलेला.
साडेअकराशे.

बसलिंग इतका हसला की चहा बशीत सांडला.
मी म्हटलं, आता तुझं काढ.
त्याचं हसू थांबलं,
त्यानं शर्टाची बाही खाली ओढली.
"बिडप्पा," म्हणाला, "चाललंय की मस्त.
कशाला उघडायचं?"
गौस स्क्रूड्रायव्हर हातात धरून
एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला,
मग डबी बंद केली.

मी तेच घालतो अजून.
आतला पुसलेला सात ठाऊक असून
दररोज पंधरा-वीस फेरे,
दररोज तो नकार.

आज पुन्हा टेबलावर मनगटं शेजारी.
चार वाजत आलेत.
त्याचं चाळीस सेकंद पुढं,
गाड्या वेळेवर सुटायला बरं पडतं, म्हणतो.
माझं बरोबर आहे, मी म्हणतो.
त्यावर आमचं दर रविवारी भांडण होतं.
त्याचे चार वाजतात.
समोर कप येऊन वाफाळत असतो,
आणि माझे वाजेपर्यंत
तो चहाला हात लावत नाही.